मुसाफिराची सवलत

अब्बा दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बुखाऱ्याला जाऊ." ते पुढचं वर्ष आलंच नाही. दोन वर्षांपूर्वी अब्बा अल्लाहला प्यारे झाले. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला उझबेकिस्तान दाखवायचंच, असं आम्ही ठरवलं. मी, हे आणि अम्मी. टूरवाल्याबरोबर नाही, आपलं आपण.

शिरगावच्या घरात रात्री भांडी आवरली की मी वही उघडायची. शाळेचं वेळापत्रक आखण्याची सवय, त्यामुळे तक्ता झकास झाला. सात दिवस, चार शहरं: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा. एकही तास रिकामा नाही.

अम्मीने चष्मा लावून तक्ता वाचला. "यात नमाज कुठं आहे गं?"

"सफरात कस्र असते ना, अम्मी. जोहर, असर, इशाच्या चार रकातींच्या दोन."

"अल्लाहने मुसाफिराला सवलत दिली. तू मात्र मला घटकाभर बसूही देत नाहीस."

मी गप्प झाले. अब्बांना जे दाखवता आलं नाही, ते सगळं मी अम्मीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर लादत होते.

मग नव्याने आखणी केली. बुखारा ते खीवा म्हणजे किझिलकुम वाळवंटातून चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास. खीवा रद्द. बुखारा आणि समरकंद मात्र दोन्ही हवेत. इमाम बुखारी हिजरी १९४ मध्ये बुखाऱ्यात जन्मले आणि त्यांची मजार समरकंदजवळ खरतंगला आहे. ताश्कंदहून अफ्रोसियोब ही वेगवान रेल्वे सुमारे दोन तासांत समरकंदला पोहोचते आणि तीच पुढे बुखाऱ्याला जाते. म्हणून आधी थेट बुखारा गाठायचं आणि परतताना समरकंदला उतरायचं. शेवटी विमानासाठी ताश्कंद जवळच राहतं. या गाडीची तिकिटं लवकर संपतात, म्हणून ती आधी काढायची आणि मुक्कामाच्या तारखा त्यावरून ठरवायच्या, हेही शिकले.

बुखाऱ्याला दोन रात्री, समरकंदला तीन. मुक्काम जुन्या शहराजवळ आणि तळमजल्यावरची खोली मागायची. समरकंदला मला उलुगबेगची वेधशाळा पाहायची आहे. १०१८ ताऱ्यांची यादी करणारा हा बादशहा मी वर्गात शिकवते. ह्यांना ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचं स्मारक पाहायचं आहे. समरकंदचा एक दिवस कोराच ठेवलाय.

आता अम्मी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर थोडं चालते. बेगडेवाडी स्टेशनचा जिना परवा दोनदा थांबून चढली. मी घड्याळ पाहिलं नाही.

तुमच्या घरी सफरीचा बेत चालला असेल, तर घरात सगळ्यांत हळू कोण चालतं, ते आधी पाहा. तक्ता त्यांच्या चालीने आखा. पण "पुढच्या वर्षी" म्हणू नका. बाकी इन्शाअल्लाह.