वयाचा दोष

“वय झालें, आतां असें व्हायचेंच!” १९७४ सालीं आमच्या घरांत हें वाक्य दिवसांतून कितीदां तरी उच्चारलें जाई. विषय असे मोठ्या काकूंचा. वय ५४. बारा माणसांचें घर सांभाळणाऱ्या काकू पहाटे तीनलाच उठून माजघरांत येरझारा घालीत, हात चोळीत, पुढचें ताट दूर सारीत आणि “माझ्या पापानें या घराचें वाटोळें झालें” असें पुनःपुन्हा म्हणत.

पुण्याच्या एका डॉक्टरांनीं ‘इन्व्होल्यूशनल मेलँकोलिया’, म्हणजे उतारवयांतील विषण्णता, असें निदान केलें. “पूर्वीं कधीं असें झालें होतें काय?” या त्यांच्या प्रश्नास काका उत्तरले, “छे! कधींच नाहीं.” आजी खालीं मान घालून बसली होती. शास्त्रानेंही वयावरच बोट ठेविलें, म्हणून आम्हांस हायसें वाटलें!

औषधांनीं काकू चार-पांच महिन्यांत सावरल्या. एके दुपारीं शेंगा सोलतां सोलतां त्या मला म्हणाल्या, “अरे, तुझा दादा झाला तेव्हां सहा महिने मी अशीच होतें. बाळंतरोग म्हणून माहेरीं धाडलें. पुढें कुणी विषयच काढला नाहीं.”

या निदानाचा इतिहास मीं पुष्कळ वर्षांनीं वाचला. क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानें १८९६ सालीं हा स्वतंत्र रोग मानिला. १९०७ सालीं ड्रेफस नांवाच्या डॉक्टरानें क्रेपेलिनच्याच रुग्णांची फिरून चौकशी केली. तेव्हां पुष्कळांना पूर्वींही असेच झटके येऊन गेल्याचें व अनेक जण बरे झाल्याचें आढळलें. क्रेपेलिननें आपलें मत बदललें. तरीही अमेरिकन वर्गीकरणांत १९६८ सालीं तें नांव होतेंच. १९८० सालीं मात्र तें गाळण्यांत आलें. उतारवयांतलें नैराश्यही नैराश्यच होय, आणि त्यावर उपचार आहेत, असें आज वैद्यक मानतें.

ड्रेफसनें नवें यंत्र शोधिलें नव्हतें. त्यानें फक्त मागचें विचारलें. आमच्या डॉक्टरांनींही विचारलें होतें. उत्तर आम्हीं दडविलें, आणि दोष वयाच्या माथीं मारिला. घरांतलें एखादें वडील माणूस गप्प होऊं लागलें, तर “वय झालें” म्हणण्यापूर्वीं त्याच्याजवळ घटकाभर बसावें, आणि तें जें सांगेल तें लाजेखातर झांकूं नये. काकूंना तें सांगावयास तीस वर्षें थांबावें लागलें.