वाहून नेणारा देव

बायबलमध्ये मूर्तींवर जी सर्वांत तिखट टीका आहे, तिचा रोख बहुतेक वेळा इस्राएलच्या आपल्याच लोकांवर आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचे वासरू त्यांनीच ओतले. मोशेने केलेल्या पितळी सर्पापुढे पुढील पिढ्या धूप जाळू लागल्या, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 44व्या अध्यायातला माणूस एकाच झाडाच्या काही लाकडांवर भाकरी भाजतो, उरलेल्याचा देव घडवतो आणि त्याच्याकडेच तारण मागतो.

46वा अध्याय याहून खोल जातो. बाबेलचे बेल आणि नबो हे देव थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादले आहेत. भक्तांना सोडवणे दूरच, तेही बंदिवासात चालले आहेत. इस्राएलचा देव मात्र आपल्या लोकांना गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहतो. कोण कोणाला वाहतो, यावर यशया देवाची परीक्षा करतो.

तुकोबांची पालखी बारामतीहून पिंपळी, काटेवाडी, सणसर अशी इंदापूरकडे जाते. त्या वाटेवरच्या वाचकाला देव वाहून नेणे नवीन नाही, पण ही दोन चित्रे एक मानणे अन्यायाचे होईल. वारकरी भार उचलतो तो प्रेमापोटी, आणि दगडापलीकडचा देव ओळखायला मराठी संतांनीही शिकवले आहे. यशयापुढे हरणाऱ्या साम्राज्याचे देव होते.

याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला, पुढे काम उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी कोण कोणाला वाहतो हा प्रश्न आयुष्यभर जगून पाहिला. 1870च्या दशकातील दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने तीर्थे, उपवास, दानधर्म सारे केले. तरी वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीत गेली. देवांनी हाक ऐकली नाही, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1896–97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा आणल्या आणि केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतरही त्यांनी 1922मधील मृत्यूपूर्वी पुरे केले. त्यांच्या श्रद्धेचे मोल वादात ठरत नाही, त्या मुलींच्या ताटात ठरते.

तरी एक कठीण प्रश्न उरतोच. जिवंत देवही कधी गप्प राहतो. क्रूसावर येशूने देवाला, मला का सोडलेस, असे विचारले. याने इतरांना वाचवले, पण याला स्वतःला वाचवता येत नाही, अशी त्याची हेटाळणी झाली. मूर्तीवर होणारा आरोप तिथे ख्रिस्तावरच आला. ख्रिस्ती विश्वास तो आरोप टाळत नाही. त्याचे उत्तर तिसऱ्या दिवसाच्या पुनरुत्थानात आहे, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, हे पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिले आहे.