तिरका सांधा

अमेरिकेतील पोर्टलंड हे प्लायवुडचे जुने गाव. इथल्या सेंट जॉन्स भागातील कारखान्याने 1905 च्या प्रदर्शनात डग्लस फरचे प्लायवुड मांडले आणि त्या धंद्याने पुढे बाळसे धरले. तिथे मी लेकीकडे राहत असताना, शेजारचे एक निवृत्त गृहस्थ गॅरेजात प्रवासाची गाडी बांधत होते. मोटारीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची, दोघांना निजण्यापुरती.

भिंत नऊ फुटी आणि तक्ता आठ फुटी! नुसती कडेला कड चिकटवली, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधा उलायचा आणि पाऊस अंथरुणात यायचा. म्हणून त्यांनी दोन तक्ते पायरीसारखे एकावर एक ठेवले आणि दोन्ही कडांना जाडीच्या आठपट उतार दिला. पाऊण इंची तक्त्याला सहा इंच! रंध्याखाली प्लायवुडचे थर पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्ट्या सरळ, तर उतार बरोबर. मग इपॉक्सी, मेणकागद, वर फळी आणि क्लॅम्प. तेही बेतानेच आवळायचे. नाहीतर इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी बोट फिरवून पाहिले. जोड हाताला लागेना. दोन्ही कडांनी थोडे थोडे झिजावे, तेव्हाच सांधा टिकतो. गृहस्थाश्रमी वाचकांना हे मी का नव्याने सांगावे?