दोन दिवस बऱ्हाणपूरला

मैत्रिणींनो, सहलीचं ठरलं की आपल्या घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. पुरुषमंडळी गाडीची वेळ बघतात, मुलं खिडकीवरून भांडतात आणि आपण आदल्या रात्री बारापर्यंत दशम्या भाजत बसतो. पोहोचल्यावर पुन्हा "चहाचं काय?" हे आपल्यालाच विचारतात. म्हणून गेल्या मार्गशीर्षात मी जाहीर केलं, या खेपेला घरून डबा नाही. खायला चांगलं मिळतं अशाच गावी जायचं आणि तिथलंच खायचं.

गाव निवडलं बऱ्हाणपूर. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तठे काय शे?" आमच्या ह्यांनीही तेच विचारलं, फक्त शुद्ध मराठीत. अहो, एकेकाळी आपल्या खानदेशाची राजधानी ती, फारुकी सुलतानांची! आता मध्य प्रदेशात आहे म्हणून आपल्या ध्यानात राहत नाही, इतकंच. दुसरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंचं माहेर ते. भाऊ वारले, घर विकलं, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी त्या गावाचं नाव काढलेलं नाही. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, त्यात मधुमेह. आता नाही नेलं तर मग कधी नेणार?

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आखणी केली. पारोळ्याहून पहाटेच्या एस.टी.ने जळगाव, तिथून रेल्वेने भुसावळ, सावदा, रावेर करत बऱ्हाणपूर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वेळ मजेत जातो. सर्वांत वर आसीरगड लिहिला होता. गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे, १६०१ साली अकबराने घेतला तो हा किल्ला. पण चढ आठवला, गुडघे आठवले आणि मीच तो खोडला. म्हातारं माणूस बरोबर असलं की यादीतून काय काढायचं हे आधी ठरवावं बाई, नाहीतर सगळ्यांचीच चिडचिड होते.

लॉजचं एक सांगते. फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली होती, प्रत्यक्षात दुसरा मजला पुढे केला. मी तिथेच ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे मॅनेजरच्या खोलीशेजारची एक रिकामी निघाली. तुम्ही फोन कराल तेव्हा बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, आणि संडास कमोडचा आहे का हेही विचारा. लाजू नका.

स्टेशन गावाबाहेर लालबागेत आहे आणि कुंडी भंडाराही त्याच बाजूला, म्हणून तो आधी उरकावा, रिक्षाचं भाडं वाचतं. सन १६१५ च्या सुमाराचं हे काम, दोह्यांच्या रहीमच्या, म्हणजे अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीतलं. सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उतारावर गावापर्यंत आणलं. वर ओळीने विहिरीसारखी तोंडं आहेत, त्याच कुंड्या. पंप नाही, मोटार नाही! आपण उन्हाळ्यात पिंपं भरून ठेवतो, नळ कधी येईल म्हणून कान लावून बसतो, तेव्हा त्या कुंडीत वाकून बघताना मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. २०२४ साली हे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेलं.

जामा मशीद गांधी चौकात. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, तो वार टाळा. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो आवर्जून बघा.

आता खाण्याचं. पहिल्या संध्याकाळी मावा जिलेबी. आपल्या पिवळ्या जिलेबीशी हिचं नातं फक्त आकाराचं. खव्याची, जाड, तपकिरी, आणि गरमच खायची. सासूबाईंसाठी मी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. एक वेटोळं, त्यांनी पंधरा मिनिटं पुरवून खाल्लं. मांडेही मिळतात, पण ते आपले पुरणाचे नव्हेत. बिनगोडाचे, रुमालाहून मोठे, हातावर फिरवून करतात. बहुतेक लोक मटणाच्या रश्श्याशी खातात, आम्ही डाळीशी खाल्ले. दराबा मात्र परतीच्या दिवशी घ्यायचा, असं मी कागदावर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाही किल्ला. हमामखान्याच्या छतावरची जुनी रंगीत नक्षी अजून दिसते. मग तापी ओलांडून झैनाबादला, आहुखान्यात. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरातच गेली. शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेवर होता, ही बरोबर. पहिल्यांदा पुरलं ते इथे, आग्र्याला नेलं डिसेंबरात. सासूबाई सावलीला कट्ट्यावर बसल्या होत्या, मी त्यांना हे सगळं सांगत होते.

"कशानं गेली?" त्यांनी विचारलं.

"बाळंतपणात, आई. चौदावं होतं. वय अडतीस."

त्या बराच वेळ नदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची आई पाचव्या खेपेला गेली. मी सहा वर्षांची होते. मागच्या खोलीत."

मैत्रिणींनो, मी या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली. एवढं मला ठाऊक नव्हतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या दवाखान्याच्या पायरीवरून रात्रभर हलल्या नव्हत्या. मी समजत होते, घरी करमत नाही म्हणून बसल्या असतील.

दुपारचा बेत मी मोडला. रिक्षावाल्याला त्यांनीच वाटा सांगितल्या, एकदाही चुकल्या नाहीत. त्या घरात आता राहणाऱ्या बाईंनी ओळख नसताना आत बोलावलं, पाणी दिलं, चहा टाकला. चांगलं मराठी बोलत होत्या. सासूबाईंनी संकोचत विचारलं, "मागची खोली बघू का?" तिथे शिलाईमशीन होतं आणि खिडकीत वाळत घातलेल्या सांडग्यांची थाळी. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. निघताना त्या बाईंनी कुंकू लावायला करंडा पुढे केला, मग सासूबाईंच्या कपाळाकडे बघून थबकल्या. सासूबाई हसून म्हणाल्या, "हिला लावा, माझ्या सुनेला."

दराबा राहिलाच होता. गाडीला पाऊण तास असताना दुकान गाठलं. रवा, साखर, तूप, फेटून फेटून इतका हलका करतात की जिभेवर ठेवला की विरतो. शिवाय टिकतो, त्यामुळे न्यायला सोयीचा. मी पर्स उघडली, तर सासूबाईंनी माझा हात धरला. कनवटीच्या पिशवीतून घडीच्या नोटा काढून त्यांनी दोन किलो घेतला.

"एवढा कशाला, आई?"

"गल्लीत वाटायचाय," त्या म्हणाल्या. "माहेराहून आले म्हणून सांगेन."