मागे राहिलेल्याचा भार

वादळ येऊन गेल्यावर त्याचे भाकीत हाती पडले, तर त्याचा उपयोग काय? समुद्रावर निघालेल्या कोळीबांधवाला ते आधीच मिळायला हवे. म्हणूनच वातावरणाचे अवाढव्य गणित हजारो संगणकांत वाटून एकाच वेळी सोडवतात. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, गणित नव्हे; तरीही या वाटणीच्या शास्त्राने आम्हांला विचारात पाडले आहे.

त्याचे स्वप्न प्रथम पाहिले लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने. क्वेकर पंथाच्या या माणसाने पहिल्या महायुद्धात शस्त्र न उचलता फ्रान्समध्ये जखमींची सेवा केली. अवघ्या सहा तासांच्या हवामानाचे गणित त्याने हाताने केले. त्याला सहा आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. पण तो खचला नाही. 1922 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने एक प्रचंड सभागृह कल्पिले. तेथे 64,000 माणसे आपापल्या प्रदेशाचे गणित करतात. मध्यभागी उंचावर बसलेला संचालक पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडणाऱ्यांवर निळा.

आजच्या संगणकतज्ज्ञांचे काम त्या संचालकासारखेच आहे. प्रत्येक संगणकाला आपल्या सीमेवरचे आकडे शेजाऱ्याला वारंवार कळवावे लागतात. एक जरी रेंगाळला, तरी बाकीचे हात बांधून बसतात. म्हणून जेथे गणित अवघड, तेथे वाट्याला क्षेत्र लहान देतात. अनेक निरोप एकत्र बांधून पाठवतात. आणि निरोप वाटेत असताना आतले काम उरकून घेतात. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली दाखवले, की कामाचा विसावा भाग एकट्यानेच करण्याजोगा असेल, तर कितीही संगणक जोडले तरी वेग वीसपटीपलीकडे जात नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2024 साली ‘अर्क’ महासंगणक आला. 2025 साली भाकिताचे जाळे 12 किलोमीटरांवरून 6 किलोमीटरांवर आले. जाळ्याचे अंतर असे निम्मे केले, की घरे चौपट होतात. काळाची पावलेही सामान्यतः निम्मी करावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट!

यंत्रे पैशाने वाढवता येतात. पण सर्वांचा वेग शेवटी मागे राहिलेल्यावरच ठरतो. त्याला दोष देऊन काम पुढे सरकत नाही. त्याच्या डोक्यावरचा भार थोडा आपल्याकडे घेतला, तरच सरकते. कुटुंबांतून आणि गावांतून फिरताना आम्हांला हेच दिसत आले आहे.