वरच्या फीचा हिशेब

या अंकाच्या मराठी विभागात व्यापार, आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि तीर्थयात्रा यांविषयी लेख येत असतात. त्यांत रॉक आणि पॉप संगीतावर, तेही एका किराणा दुकानदाराने लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु मला जे सांगायचे आहे ते केवळ गाण्यांविषयी नाही. ते आपल्या घरांतील एका लहानशा खर्चाविषयी आहे, आणि खर्चाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार दुकानदाराला असावा असे मी धरून चालतो.

नालासोपारा स्थानकातून पश्चिमेकडे निघून सोपारा गाव मागे टाकले की गास लागते. आमचे आजोबा राजस्थानातून येथे आले आणि त्यांनी धान्याचे दुकान मांडले. घरात मारवाडी, शाळेत मराठी आणि गल्ल्यावर बसल्यावर शेजारच्या कुपारी मंडळींची सामवेदी बोली, अशा तीन भाषांत माझे बालपण गेले. त्या वेळी रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा, भाजीचे मळे, फुलांच्या वाड्या आणि मधूनमधून बावखले होती. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपत, त्यामुळे संध्याकाळ मोठी वाटे. त्या मोठ्या संध्याकाळी समोरच्या वाडीतून गिटारचे सूर येत. तेथे राहणारे मास्तर गावच्या चर्चमध्ये गायनवृंद बसवीत आणि घरी मुलांना वाद्ये शिकवीत. नाताळ जवळ आला की त्यांच्या ओसरीवर मुलांची दाटी होई. मी आमच्या ओट्यावर बसून ऐके.

मास्तरांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या काकांनी आखातातून एक टू-इन-वन आणि काही कॅसेटी आणल्या होत्या. त्यांतली एक कॅसेट ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाची होती. १९८६ साली, नववीत असताना, मी ती प्रथम ऐकली. गाण्यातले इंग्रजी मला दहा शब्दांपलीकडे कळत नव्हते. तरीही एक गाणे संपल्यावर मी मित्राला ते पुन्हा लावायला सांगितले, आणि मग पुन्हा एकदा. ते ‘बोहेमियन रॅप्सडी’ होते. गाण्याला मुखडा आणि अंतरा असतो, मुखडा फिरून येतो, एवढे माझे ज्ञान. येथे काहीच फिरून येत नव्हते. संथ सुरुवात, मग पियानोवर एकट्याचा आवाज, मग अचानक जणू शंभर माणसांचा कोलाहल, मग गिटारची झुंड आणि शेवटी पुन्हा शांतता. एका घरातून शिरून दुसऱ्या घराच्या परसात बाहेर पडावे तसे मला झाले.

त्यानंतर शनिवारी रात्री आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून लागणारा ‘सॅटर्डे डेट’ हा इंग्रजी फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम मी आवाज अगदी बारीक करून ऐकू लागलो. कानावर पडतील ते शब्द देवनागरीत लिहून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी मित्राकडून अर्थ लावून घेई. लिहिण्यासाठी कागद हवा म्हणून मी मागील वर्षाच्या रोजमेळाची कोरी पाने वापरली. एके दिवशी वडिलांच्या हाती ती वही लागली. ते रागावले नाहीत. वही मिटून एवढेच म्हणाले, “ज्याची देवघेव झाली नाही, ते वहीत लिहू नये.”

त्याच महिन्यात मास्तर दुकानावर आले. साखर तोलून घेता घेता वडिलांना म्हणाले, “शेठ, तुमच्या मुलाला कान आहे. महिना वीस रुपये द्या, मी त्याला गिटार शिकवतो.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “शिकून काय होणार?” प्रश्न कठोर नव्हता, ते मालाविषयीही तोच प्रश्न विचारीत. त्या वेळी माझ्या दोन बहिणींची लग्ने व्हायची होती आणि दुकानावर कर्ज होते, हे मला आज कळते. मला उत्तर सुचले नाही. मास्तर हसले, साखर घेऊन गेले. मी गिटार शिकलो नाही.

शिकलो नाही तरी ऐकणे सुटले नाही. पुढे दुकानाच्या खरेदीसाठी मुंबईला जाऊ लागलो, तेव्हा मशीद बंदरचे काम उरकून काळा घोड्याच्या ‘र्‍हिदम हाऊस’मध्ये जाण्याचा परिपाठ ठेवला. २०१६ साली ते दुकान बंद झाले त्या दिवशी मला आपलेच एखादे जुने पेढीघर मिटल्यासारखे वाटले. तेथेच मला कळले की, हे संगीत आपल्यापासून दूरचे नाही. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन १९६६ साली पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते, आणि जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रणही केले. मराठी घरांतही हे सूर पोचले होते. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगभूमीवरील ख्यातनाम दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे इंग्रजी रॉक गाऊ लागला. १९७४ साली अलिक पदमसी यांनी बसविलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडासची भूमिका गाऊन केली. पुढे १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ चित्रपटात त्याचा आवाज साऱ्या देशाने ऐकला, जरी नाव फार थोड्यांना ठाऊक झाले. २०१४ साली तो गेला. अर्थात भेंड्यांचे घर नाटकवाल्यांचे होते. मुलाने गावे यात तेथे नवल नव्हते. आपली घरे निराळी. म्हणून मला दुसरे एक घर अधिक जवळचे वाटते, आणि ते घर एका खजिनदाराचे आहे.

‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचे मूळ नाव फारूख बलसारा. आडनाव वलसाडवरून आलेले. आमच्या नालासोपाऱ्यावरून धावणाऱ्या गाड्या पुढे जेथे जातात तेच वलसाड. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायालयात कॅशियर होते. आठ वर्षांच्या फारूखला त्यांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठविले. मुलगा पियानोशी खेळतो, ऐकलेली चाल सहज वाजवून दाखवितो, हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. त्यांनी झांझिबारला पत्र लिहून विचारले : शाळेच्या फीव्यतिरिक्त थोडी जादा रक्कम भरून मुलाला संगीताचे रीतसर शिक्षण देण्यास आपली संमती आहे काय? आईवडिलांनी संमती दिली. मुलगा पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत शिकला.

दिवसभर दुसऱ्याचा पैसा मोजणारा एक पगारदार माणूस ते पत्र हातात घेऊन बसला असेल, असे चित्र मी अनेकदा मनात रंगविले आहे. या जादा फीतून पुढे काय उभे राहील हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हे कुटुंब सारे सोडून इंग्लंडला गेले. १९७५ साली तेच गाणे निघाले, पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. ध्वनिमुद्रणास तीन आठवडे लागले. तिघांचेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढविले गेले की फीत झिजून विरळ झाली. मी ज्याला शंभर माणसांचा कोलाहल समजलो होतो ते तीन माणसांचे कष्ट होते. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला सुमारे वीस मिनिटे आली. त्या वीस मिनिटांसाठी त्यांनी आधी नाट्यगृह घेऊन, घड्याळ लावून तालीम केली होती. कोणत्याही व्यापाऱ्याला समजेल अशीच ही वेळेची किंमत आहे.

येथे सुज्ञ वाचक एक हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. या दुनियेत व्यसने आहेत, स्वैराचार आहे. आपल्याकडे सत्तरीच्या सुरुवातीला तरुण वाद्यवृंदांची ‘सिमला बीट’ ही मोठी स्पर्धा भरे, ती एका सिगारेटच्या नावाने भरे. फ्रेडी स्वतः १९९१ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने गेला. हे मी मुलांपासून लपवीत नाही. परंतु त्याच दुनियेत हॅरिसन आणि मॅकार्टनी यांनी मांसाहार सोडला, दुष्काळासाठी मैदाने भरली. तांदळात खडे निघाले म्हणून आमचे गिऱ्हाईक गोणी फेकून देत नाही. ताटात घेऊन निवडते. निवडण्याचे काम मात्र कोणी तरी बसून करावे लागते, आणि ते आईवडिलांचे आहे.

एवढे सगळे मला ठाऊक होते. तरीही गेल्या वर्षी माझ्या हातून जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझी धाकटी मुलगी नववीत आहे. एका रात्री गल्ला मोजत असताना ती शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, मला कीबोर्ड शिकायचा आहे. महिन्याची फी बाराशे रुपये आहे.” मी नोटांवरून मान न काढता विचारले, “शिकून काय होणार?”

ती क्षणभर थांबली. “बरं, पप्पा,” म्हणाली आणि आत गेली.

तिने हट्ट केला असता, वाद घातला असता, तर मी सुटलो असतो. परंतु ती गप्प झाली, आणि ती शांतता माझ्या ओळखीची होती. वडिलांवर तरी कर्ज होते, बहिणींची लग्ने होती. माझ्यावर यांतले काही नव्हते. हातातली नोटांची थप्पी मला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

त्या रात्री मला बोमी बलसारांचे पत्र आठवले, आणि त्याहूनही अधिक त्या पाच मुलांची गोष्ट आठवली. १९५८ साली पाचगणीच्या शाळेत फारूखने चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता. त्या पाचांपैकी जगाने एकाचेच नाव घेतले. उरलेल्या चौघांतला एक नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्यापर्यंत पोचला, एकाने पुण्यात उपाहारगृह चालविले, एक इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. त्यांचे वाजविणे फुकट गेले काय? आपण मुलांच्या शिकवणीचा विचार करताना नेहमी त्या एकाकडे पाहतो आणि ‘आपले मूल थोडेच तसे होणार’ असे म्हणून पैसे वाचवितो. पाहायला हवे ते चौघांकडे. सेनाधिकाऱ्याला आणि उपाहारगृहाच्या मालकाला शाळेतल्या त्या संध्याकाळी जन्मभर पुरल्या असतील, तर तो खर्च वाया गेला असे कोणता हिशेबनीस म्हणेल? मी स्वतः त्या चौघांच्याच जातीचा. नव्हे, मी तर वाजविलेही नाही, केवळ ऐकले. परंतु दुकानावर मंदी आली, घरात दुखणे आले, तेव्हा रात्री त्या ऐकण्याने मला थारा दिला आहे. ‘शिकून काय होणार’ या प्रश्नाचे जे उत्तर मला नववीत सुचले नाही, ते हे होते. सांगायला चाळीस वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन मी क्लासला गेलो आणि तीन महिन्यांची फी एकदम भरली. तिने कारण विचारले नाही, मीही दिले नाही.

माझे सांगणे एवढेच आहे. आपण सारी हिशेबाची माणसे आहोत आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु घरखर्चात एक ओळ अशी असावी की जिच्या पुढे परताव्याची रक्कम लिहिलेली नसेल. मूल संगीत मागेल, चित्रकला मागेल, बुद्धिबळ मागेल. ऐपतीप्रमाणे ती ओळ लहान ठेवावी, पण पुसून टाकू नये. आणि नाही म्हणण्याची वेळ आलीच, तर निदान नोटांवरून मान वर काढून म्हणावे.

मुलगी अजून फारसे चांगले वाजवीत नाही. एकच चाल महिना महिना चालते आणि दर वेळी त्याच जागी अडखळते. सरावाची वेळ संध्याकाळी सात ते साडेसात. वडील आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. जेवण आटोपून ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. समोरची वाडी आता नाही, तेथे चार मजली इमारत आहे. वडिलांनी या वाजविण्याविषयी आजवर बरेवाईट काही म्हटलेले नाही. गेल्या पंधरवड्यात परीक्षा होती म्हणून दोन दिवस सराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या सुमारास त्यांनी मला दुकानातून हाक मारून बोलावले आणि विचारले, “कालही वाजले नाही, आजही नाही. मुलीला बरे नाही का?”