फाट्यावर थांबणारा खेळ

मुलांच्या मासिकात एक कोडं हमखास असतं: सशाला गाजरापर्यंत पोहोचवा. पेन्सिल घ्यायची आणि बंद वाटा टाळत रेघ ओढायची. भूलभुलय्याचा हा खेळ वरून एक दिसला तरी त्यात कामं दोन आहेत, वाट शोधणं आणि ती हाताने गिरवणं. हात चांगला चालणाऱ्या मुलाला ही दोन कामं वेगळी जाणवतही नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मात्र वाट केव्हाच सापडलेली असू शकते; भिंतीला धडकत राहते ती रेघ. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी संगणकावर असे खेळ रचणाऱ्याने कोडं वाटेत ठेवावं, बोटांत ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही गल्लत जुनी आहे. मेलबर्नच्या विशेष शाळेत काम करणाऱ्या स्टॅनली पोर्टियस यांनी १९१४ साली भूलभुलय्यांची बुद्धिचाचणी काढली. तेव्हा वापरात असलेल्या बिने यांच्या बुद्धिचाचणीत शब्दांना फार वजन होतं, बोलण्यात मागे असलेली मुलं तिथे उगाच मागे पडत, म्हणून हा कागद-पेन्सिलीचा मार्ग. हेतू चांगलाच होता. पण शब्दांतून सुटलेलं मूल पेन्सिलीत अडकलं. आजचे मोबाइलवरचे खेळही तेच करतात: बाहुलीवर बोट दाबून ती ओढत न्या, बोट उचललं की पुन्हा पहिल्यापासून, वर घड्याळाची टिकटिक. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीने ऑक्टोबर २०२३ मध्ये ओढण्याला साध्या दाबण्याचा पर्याय असावा, असं सांगितलं. वेळेची मर्यादा वाढवता यावी आणि सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नसावा, हे तर त्याआधीपासूनच तिच्यात होतं. खेळ रचणारे ही नियमावली क्वचितच उघडतात.

समजा, विंझर गावातल्या मुलासाठी खेळ करायचा, तर ससा-गाजर कशाला? नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, राजगड जवळच. चोरदरवाजाने पद्मावती माचीवर शिरायचं आणि बालेकिल्ला गाठायचा, झाला भूलभुलय्या. सरळ वाट बाहुली आपली आपण चालेल. खेळ थांबेल तो फक्त फाट्यावर. तिथे बाण एकेक करून उजळतील, आवाज सांगेल, ‘डावीकडे सुवेळा, उजवीकडे संजीवनी’, आणि हवा तो बाण उजळला की मुलाने एकच बटण दाबायचं. वाट ३४ घरांची आणि फाटे ६ असतील, तर ३४ वेळा दाबण्याऐवजी सहाच निवडी उरतात. ज्याला एकदा बटण दाबायला सगळं अंग गोळा करावं लागतं, त्याला हा फरक विचारा. एकच क्लिक पुरत असल्याने जुना माऊस उघडून डाव्या बटणाला दोन तारा जोडल्या आणि बाहेर तळहाताएवढं बटण काढलं तरी भागतं. मग ते बटण कोपराने दाबा, नाहीतर हनुवटीने. बाहेरच्या बटणाने फोन चालवू देणारी फोनमधली ‘स्विच ॲक्सेस’ची सोय इथे बहुतेकदा कामाला येत नाही, कारण तिच्या लेखी असा अख्खा खेळ म्हणजे एकच चित्र असतं, आतले फाटे तिला दिसतच नाहीत. ती सोय खेळातच हवी. आणि जिंकल्यावरची तुतारी बेताने वाजवा. अचानक मोठा आवाज झाला की यातल्या काही मुलांचं सगळं अंग दचकून ताठरतं.

एवढं सोपं केल्यावर खेळात उरलं काय, असं कुणी म्हणेल. बुद्धिबळात सोंगटी दुसऱ्याने हलवली तरी चाल सांगणाऱ्याचीच असते. फाटे अवघड करा, हवे तितके. हाताला सराव कसा मिळणार, हा थेरपिस्टांचा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. त्यासाठी बोटाने गिरवण्याचा वेगळा प्रकार त्याच खेळात ठेवावा. फक्त त्याचे गुण बुद्धीच्या खात्यात मांडू नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, एक खेळ कसा पुरणार? नाहीच पुरणार. म्हणून तर वेग, आवाज, रंग, बाणांचा आकार बदलता यायला हवा. गावात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो म्हणाल, तर त्याचं उत्तर सोपं आहे: सगळा खेळ एका फाइलीत, इंटरनेटशिवाय चालणारा, साध्या फोनवर.

‘बाहेर एवढं रान पडलंय, स्क्रीन कशाला?’ हा खरा प्रश्न. पण ज्या मुलाला कडेवर किंवा खुर्चीतून नेतात, त्याचा प्रत्येक फाटा दुसऱ्यानेच ठरवलेला असतो. चुकायचीही त्याला सोय नसते. म्हणून चुकीची वाट बंद करू नये, तिकडे काहीतरी ठेवावं. सुवेळा माचीकडे वळलं तर बालेकिल्ला मिळत नाही, पण नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, बघायला मिळतं. मग परत फाट्यावर. ‘चुकलं’ म्हणणारा भोंगा कशाला हवा?

असे खेळ करणाऱ्यांना आणि ते शाळेत वापरणाऱ्या गुरुजींना एक विनंती. मुलाच्या हाती देण्याआधी माऊस काढून ठेवा, आपला नेहमीचा हात पाठीमागे घ्या आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने फक्त स्पेसबार दाबत तुमचा खेळ एकदा शेवटपर्यंत खेळून बघा.